‘परागंदा’ माणसाचा माग: गरीब घरातला हरवलेला नातेवाईक जुन्या दप्तरांत कसा शोधायचा

जुन्या फेरफाराच्या वहीत वारसांची नावं वाचताना मध्येच एक शब्द भेटतो: परागंदा. तीन भाऊ, दोन बहिणी, सगळ्यांची नावं ओळीने लिहिलेली, आणि मधल्या भावापुढे तलाठ्याने हा एक शब्द टाकून विषय संपवलेला. गाव सोडून गेला, ठावठिकाणा नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरातही तेवढंच माहीत असतं: मुंबईला गेला, दोन वर्षं मनिऑर्डरी आल्या, मग बंद झाल्या.

अशा माणसाचा माग लागतो, पण तो काढायची रीत इनामदाराच्या वंशावळीपेक्षा वेगळी आहे. इनामदाराच्या घरी सनद असते, वाटणीपत्र असतं, आणि त्याचा कागद त्याच्याच नावाने सापडतो. भूमिहीन किंवा दोन गुंठ्यांच्या घरातला माणूस स्वतःच्या नावाने क्वचित सापडतो. तो दुसऱ्याच्या कागदात असतो. बापाच्या नावापुढे नुसता ‘मुलगा’ म्हणून, शाळेच्या रजिस्टरात नाव कमी केलेला पोर म्हणून, शेजाऱ्याच्या दाव्यात साक्षीदार म्हणून. तेव्हा थेट त्याला शोधत बसू नये, त्याच्या आजूबाजूची माणसं शोधावीत.

दप्तराआधी घर

तहसीलला हेलपाटे घालण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोलावं. पुरुषांना जमिनीची हद्द आठवते, बायकांना कोण कुणाच्या लग्नात होतं ते. ‘कोणत्या साली गेला?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही, आलं तरी चुकीचं येतं. खुणेच्या घटना वापराव्यात. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत (१९१८) होता का? गांधीवधाच्या वेळी (जानेवारी १९४८)? पानशेत फुटलं तेव्हा (जुलै १९६१)? कोयनेच्या भूकंपात (डिसेंबर १९६७)? बाहत्तरच्या दुष्काळात? अशा दोन खुणांच्या मध्ये माणूस अडकवला की शोधायचा काळ चाळीस वर्षांवरून पाच-सात वर्षांवर येतो. पुढच्या सगळ्या कचेऱ्यांत पहिला प्रश्न ‘साल कोणतं?’ हाच असल्यामुळे हे काम आधी झालेलं बरं.

नावांची वेगळी यादी करावी. राणू, राणोजी आणि रामचंद्र हा एकच माणूस असू शकतो. गावात पहिलं नाव, शाळेत तिसरं. दगडू, धोंडू, भिकू ही नावं आधीची मुलं दगावलेल्या घरात ठेवली जात, त्यामुळे एका गावात चार धोंडू सहज निघतात. आडनावावर तर अजिबात विसंबू नये. जुन्या नोंदींत गरिबाला आडनाव नसतंच. नाव, बापाचं नाव, जात आणि गाव एवढ्यावर भागतं. आडनाव चिकटतं ते शाळेत, पलटणीत नाहीतर गिरणीच्या फाटकावर, आणि तेही गावाला ‘कर’ लावून. गावात राहिलेला भाऊ एका आडनावाचा आणि मुंबईत गेलेला दुसऱ्याच, हे कोकणात नेहमीचं आहे.

ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्यामागे, पोथीत दडपलेला एखादा मनिऑर्डरीचा तुकडा असतो. पैसे पोस्टमन देई आणि फॉर्मचा खालचा तुकडा फाडून घरी ठेवत असे. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, दोन ओळींचा निरोप आणि टपालाचा शिक्का असतो. अक्षर बहुधा दुसऱ्याचं असतं, कारण फॉर्म लिहून देणारा वेगळा. म्हणून हस्ताक्षरावरून काही ठरवू नये. शिक्का मात्र नीट भिंगाखाली पाहावा. १९७२ साली पिनकोड येण्याआधी मुंबईला विभागांचे आकडे होते आणि तेच आकडे आज पिनच्या शेवटी बसलेत: मुंबई १२ म्हणजे परळ, मुंबई १३ म्हणजे डिलाईल रोड, मुंबई २८ म्हणजे दादर. एका आकड्याने शहराचा शोध एका पेठेवर येतो.

कोतवाल बुक

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधीच्या खेड्यातल्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. सगळे त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही वही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. त्यात जमीन असणारा-नसणारा असा भेद नाही, म्हणून गरिबासाठी ही पहिली वही.

मात्र ती वाचताना तीन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली म्हणजे बाळाचं नाव शोधणं. जन्माची बातमी दोन-चार दिवसांत जायची, बारसं व्हायचं नंतर. त्यामुळे नोंदीत बहुधा बापाचं नाव, आजाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. धोंडूचा जन्म पाहायचा तर ‘महादू वल्द राणू, मुलगा’ अशा ओळी गोळा कराव्या लागतात आणि मग भावंडांच्या क्रमावरून ठरवावं लागतं की यातला दुसरा मुलगा तो. वल्द म्हणजे अमुकचा मुलगा. बिन म्हणजेही तेच. त्याचा ‘शिवाय’शी संबंध नाही. बाईच्या नावापुढे कोम आलं की पुढचं नाव नवऱ्याचं.

दुसरी चूक गावाची. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी होई, आणि नोंद जिथे बाळ जन्मलं तिथल्या वहीत होई. थोरला मुलगा वडिलांच्या गावच्या कोतवाल बुकात सापडत नाही म्हणून लोक शोध सोडतात. तो आईच्या माहेरच्या वहीत ‘राहणार अमुक’ अशा शेऱ्यासह आरामात बसलेला असतो. आजीचं माहेर कोणतं हे म्हणूनच आधी विचारून ठेवायचं.

तिसरी तारखेची. खबर पोचली त्या दिवसाची तारीख पडे. आठ-पंधरा दिवसांचा फरक पाहून ‘हा आपला नाही’ म्हणू नये.

मृत्यूच्या पानांवर कारणाचा रकाना असतो: ताप, पटकी, देवी, जुलाब. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं उघडली तर ‘ताप, ताप, ताप’ अशी रांग दिसते, एकेका घरातली दोन-दोन, तीन-तीन नावं. हरवलेला म्हणून सांगितलेला माणूस कधीकधी या रांगेतच असतो. पोरवयात गेलेल्याचं नाव घरात घेत नाहीत, आणि दोन पिढ्यांनी ‘गेला’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

लिपी बहुतेक ठिकाणी मोडी असते. मोडीत आधी ओळभर रेघ मारून तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. पूर्ण मोडी शिकायची गरज नाही. आपल्या गावाचं, जातीचं आणि घरातली चार-पाच नावं मोडीत कशी दिसतात तेवढं जाणकाराकडून लिहून घ्यावं आणि तो कागद शेजारी धरून पानं चाळावीत. नजर बसली की हव्या त्या ओळीवर ती आपोआप थांबते. मग तेवढ्याच पानांचं लिप्यंतर करून घ्यावं. सगळ्या वहीचं करून घेण्यात पैसे घालवू नयेत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्गही चालतात.

मिती शक वर्षात असेल तर ७८ मिळवावेत; पौषाच्या आसपास इंग्रजी साल उलटत असल्याने शेवटच्या महिन्यांना ७९. मराठवाड्यात निजामाचा अंमल, त्यामुळे जुने कागद उर्दूत आणि साल फसली. तिथे ५९० मिळवायचे, वर्षाच्या उत्तरार्धाला ५९१. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८.

अलीकडे एक सोय झाली आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात तालुक्यातालुक्यातली कोतवाल बुकं आणि शाळांची रजिस्टरं बाहेर निघाली, स्कॅन झाली, आणि कित्येक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार चढली. आपली जात कोणतीही असो, आधी तिथे पाहावं. एका गावच्या वहीच्या पानावर सगळ्या जातींच्या आळ्या येतात.

शाळेचा शेरा

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, बऱ्याच ठिकाणी शतकापूर्वीपासूनचं. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण. जन्मतारखेवर भरवसा ठेवू नये. गुरुजींनी शाळा उघडायच्या हिशेबाने १ जून लिहून टाकलेला असतो. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी येतो तो यामुळेच. पाहायचा रकाना शेवटचा: ‘मुंबईस गेला’, ‘मामाकडे गेला’, ‘गैरहजर सबब नाव कमी’. ‘मामाकडे गेला’ असं असेल तर पुढचा शोध आईच्या माहेरच्या शाळेत. त्याच पानावर त्याच आठवड्यात नाव कमी झालेली आणखी दोन-तीन पोरं दिसली तर ती नावं आधी उतरवून घ्यावीत. मुलं एकटी पळत नसत. त्यांतला एखादा परत आलेला असतो, त्याची नातवंडं गावात असतात, आणि कोण कुठल्या खोलीत उतरलं होतं हे त्यांच्या घरात कुणालातरी ठाऊक असतं.

जमीन नसलेल्यांची जमीन

‘आमच्याकडे सातबाराच नाही, तर फेरफारात काय मिळणार?’ असं लोक म्हणतात. मिळतं. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने संपली. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक मानली गेली. त्यानंतर कलम ३२-ग खाली चौकशा झाल्या आणि आयुष्यात कधी कागदावर न आलेल्या माणसांचे जबाब लिहिले गेले. ‘माझे वडील मयत, आम्ही तीन भाऊ, पैकी एक मुंबईस असतो’ अशी वाक्यं त्या फायलींत असतात. फेरफाराच्या नोंदीत एका ओळीचा निकाल असतो, पण जबाब मूळ प्रकरणात असतो. फेरफारातला प्रकरण क्रमांक उतरवून तहसीलमधून त्या फायलीची नक्कल मागावी. इथेच बहुतेक जण नोंदीवर थांबतात आणि सगळ्यात बोलका कागद राहून जातो.

महार वतनाचंही, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीचंही तसंच. वतनाची पाळी कोणत्या घराने करायची हे वंशावरून ठरे, म्हणून वतनाच्या कागदांत पिढ्या लिहिलेल्या सापडतात. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करण्याचा कायदा १९५८ चा. त्यानंतर जमिनी पुन्हा देताना वारसांची चौकशी झाली. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या घराण्याचा कागद कित्येकदा गावातल्या कुणब्याच्या घरापेक्षा भक्कम निघतो.

संक्षेप ओळखायला हवेत. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात वारस त्या वेळी लहान होता आणि पुढे लिहिलेली व्यक्ती त्याची सांभाळ करणारी. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. एका भावाचं नाव लागलं आणि बाकीचे आत दडले. वारस नोंदीत लग्न झालेल्या बहिणींची नावं सासरच्या नावांनी येतात. हरवलेल्या भावाचं शेवटचं पत्र कित्येकदा बहिणीकडे असतं, कारण भाऊबंदकीत भावाशी बोलणं तुटलेलं असलं तरी बहिणीशी तुटलेलं नसतं.

कागद मागताना आजचा तालुका सांगून चालत नाही. सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना त्याच दिवशी वेगळा झाला, सांगलीला एके काळी दक्षिण सातारा म्हणत, रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा. वही गाव गेलं त्या जिल्ह्याबरोबर गेलीच असेल असं नाही. दोन्हीकडे अर्ज करावा. अर्जात गाव, नमुना आणि सालांची मुदत लिहावी: ‘मौजे अमुक, गाव नमुना १४, सन १९०५ ते १९१५’. ‘माझ्या आजोबांची सर्व माहिती मिळावी’ असा अर्ज केला तर तो तसाच पडून राहतो. ‘सापडत नाही’ असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागावं. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा वही सापडते.

नामावळी आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या, म्हणजे नामावळी असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की कोणत्या उपाध्यांकडे आपलं घराणं आहे ते कळतं. कोण, कधी, कुणाच्या अस्थी घेऊन आला, बरोबर कोण होतं, हे तिथे असतं, आणि पुष्कळदा येणाऱ्याची सही किंवा अंगठाही. मुंबईत स्थायिक झालेला माणूस गावी तोंड दाखवत नसला तरी बापाच्या नाहीतर बायकोच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलेला असू शकतो, आणि तेव्हा त्याने आपला तेव्हाचा पत्ता सांगितलेला असू शकतो. सगळ्याच जातींची घराणी या वह्यांत नाहीत हे आधीच लक्षात ठेवावं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवतात आणि धान्य, पैसे घेऊन नवी नावं चढवतात. त्यांच्याकडे शाखांचं ज्ञान चांगलं असतं. सुरुवातीच्या दहा-पंधरा पिढ्या मात्र कौतुकाने ऐकाव्यात. पुराव्याला शेवटच्या चार-पाच घ्याव्यात.

मुंबईत

गिरण्यांची हजेरीपत्रकं शोधायला लोक धावतात. ती फारशी हाती लागत नाहीत, आणि बदली कामगाराचं नाव तर तिथे धड लागलेलंच नसतं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. त्याआधी गिरणी सोडलेल्याचा तसा खात्याचा आकडाही नाही.

त्यापेक्षा गावमंडळाच्या खोल्या पाहाव्यात. परळ, लालबाग, डिलाईल रोड भागात एकेका गावाने खोल्या घेतल्या होत्या. गावचा माणूस तिथे पथारी टाके, महिन्याची वर्गणी भरे. वर्गणीच्या वह्या मंडळाच्या पेटीत असतात. गोव्याच्या लोकांचे कूड याच धर्तीचे, गाववार. वही नसली तर उलटं करावं: गावच्या देवळातली देणगीदारांची फरशी वाचावी. ‘मुंबईकर मंडळी’ या मथळ्याखाली पाच रुपये, अकरा रुपये देणाऱ्यांची नावं कोरलेली असतात. परागंदा म्हणून लिहिलेला माणूस जीर्णोद्धाराला अकरा रुपये देऊन गेलेला असणं अशक्य नाही. कागदावर ‘परागंदा’ पडलं ते कधीकधी भावांना वाटणी सोपी जावी म्हणून.

जुन्या मतदारयाद्या इमारतवार असतात, त्यामुळे चाळीचं नाव कळलं असेल तर त्या उपयोगी. महापालिकेच्या मृत्यूनोंदी विभागवार आणि तारीखवार असतात आणि शोधाचं शुल्क सालागणिक पडतं, म्हणून मनिऑर्डरी बंद झाल्या त्या सालापासून सुरुवात करून पुढची दोन सालं मागावीत. इंग्रजी नोंदीत ळ चा ल होतो, ड आणि द, ट आणि त एकाच अक्षराने लिहिले जातात, आणि अनुस्वार कित्येकदा गायब असतो. धोंडू काळे शोधताना ‘दोंडू काले’ आणि ‘धोडू काले’ही पाहावे लागतात.

पलटण आणि समुद्र

माणूस १९१४ ते १९१९ च्या दरम्यान नाहीसा झाला असेल तर आधी गावच्या चावडीची किंवा देवळाची भिंत पाहावी. या गावातून महायुद्धाला किती माणसं गेली आणि किती मेली असा आकडा कोरलेली संगमरवरी पाटी साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत आहे. नावं नसतात, पण शोधायची दिशा मिळते. इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मेलेल्या सैनिकांची नावं फुकट शोधता येतात, आणि पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. शोध नावाने न करता गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावाने करावा, स्पेलिंगच्या चार तऱ्हा करून.

त्याही आधीचा, एकोणिसाव्या शतकातला माणूस रत्नागिरी-सावंतवाडी पट्ट्यातून गेला असेल तर मॉरिशसचा विचार करावा. तिथे १८३४ पासून करारावर मजूर नेले, काही मुंबई बंदरातूनही. प्रत्येकाला एक नंबर दिला आणि वहीत जहाज, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण आणि गाव लिहिलं. १८६० च्या दशकापासून फोटोही काढले. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. गावांची नावं ऐकून लिहिलेली असल्याने ती नकाशावर नव्हे, मोठ्याने उच्चारून जुळवावी लागतात.

सापडला तो आपलाच का?

एक नाव जुळलं म्हणून हुरळून जाऊ नये. नाव, बापाचं नाव आणि गाव या तीन गोष्टी तर हव्यातच. त्याशिवाय आणखी एक बारीक गोष्ट जुळायला हवी, जी गावात दुसऱ्या कुणाला लागू होत नाही: बायकोचं माहेर, आजाचं नाव, अंगावरची खूण, शाळा सोडल्याचा महिना. आणि उलटा शोधही घ्यावा. त्याच गावात त्याच नावाचा दुसरा माणूस होता का, आणि तो कधी, कुठे मेला, हे कोतवाल बुकात पाहून त्याला बाजूला काढावं. यात शोधाला लागला तेवढाच वेळ जातो. तो दिला नाही तर वंशावळीत परका आजा बसतो आणि पुढचे सगळे त्याच्याच मागे जातात.

प्रत्येक वहीचं नाव, साल, पान आणि ‘काही नाही’ हा निकालसुद्धा लिहून ठेवावा, नाहीतर दोन वर्षांनी तीच वही पुन्हा काढायला तेच शुल्क भरावं लागतं.

त्याचा मुंबईतला संसार आणि नातवंडं सापडली, तर निरोप आधी गावच्या मंडळातल्या ओळखीच्या माणसाकडून पाठवावा. अनोळखी चुलत घराण्याचा फोन आला की समोरच्याच्या मनात पहिली शंका जमिनीची येते, आणि आपल्या घरातल्यांच्याही मनात तीच असते. पहिल्या भेटीला तो मनिऑर्डरीचा तुकडा न्यावा. सातबारा घरी ठेवावा.